त्याच्या घरी कुणी कळवलं का?

मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी मी आईला शेजारी बसवून लॅपटॉपवर ‘कासव’ दाखवला. मी तो पूर्वी एकदा पाहिला होता, तिने पाहिला नव्हता. आणि तिला तो दाखवावा की नाही, याचा विचार मी बरीच वर्षे करत होते. आजारी अवस्थेत सापडलेल्या एका अनोळखी तरुणाला जानकी आपल्या घरी घेऊन येते, त्याला निजायला जागा देते आणि त्याला काहीही विचारायचे नाही असे जणू स्वतःशी ठरवूनच टाकते, तिथवर चित्रपट आला असेल नसेल, तोच आईने चष्मा काढून हातात घेतला आणि म्हणाली, “त्याच्या घरी कुणी कळवलं का?”

मी म्हटले, “पुढे बघ तर खरं.”

“बघतेय गं. पण त्याची आई कुठेतरी बसली असेल की नाही?”

पहिल्यांदा हा चित्रपट पाहताना मला हा प्रश्न पडला नव्हता, याची त्या क्षणी थोडी लाज वाटली. नैराश्य या आजारावरचा चित्रपट पाहताना आपण सगळेच आजारी माणसाच्या चेहऱ्याकडे पाहतो, कारण कॅमेरा तिकडे पाहत असतो. आमच्या घरात हा आजार चौदा महिने मुक्कामाला होता आणि त्या काळात माझ्या आईने एका माणसाच्या चेहऱ्याशिवाय दुसरे काहीही पाहिले नव्हते. तरीही पडद्यावर तोच चेहरा दिसल्यावर तिला आठवण झाली ती चौकटीबाहेरच्या कुणाची तरी.

ज्यांनी ‘कासव’ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या जोडीने दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाला ६४व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. हा मान मिळवणारा तो पाचवा मराठी चित्रपट. जीव द्यायच्या प्रयत्नातून वाचलेला एक तरुण, ती भूमिका आलोक राजवाडेची, आणि त्याला आपल्या घरी ठेवून घेणारी जानकी, ती इरावती हर्षे. जानकी स्वतः या आजारातून गेलेली आहे, त्यामुळे तिच्या सांभाळण्यात दयेपेक्षा ओळख अधिक आहे. कोकणच्या किनाऱ्यावर कासवांच्या संवर्धनाचे काम करणाऱ्या दत्ताभाऊंच्या भूमिकेत डॉ. मोहन आगाशे आहेत. ते मूळचे मनोविकारतज्ज्ञ आणि या चित्रपटाच्या निर्मितीतही सहभागी. सुमित्रा भावे यांचे शिक्षण समाजकार्याचे, तेही आपल्या मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमधले. ‘देवराई’त त्यांनी स्किझोफ्रेनिया हाताळला आणि ‘अस्तु’मध्ये अल्झायमर. त्यामुळे आजाराचा उपयोग केवळ कथेला वळण देण्यासाठी करून घेणाऱ्यांपैकी ही माणसे नव्हेत, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. पुढे मी जे म्हणणार आहे ती तक्रार नाही. तक्रारीच्या जवळचे काहीतरी आहे.

माझे वडील खिळेजुळारी होते. गिरगावातल्या एका छापखान्यात त्यांनी आयुष्याची सव्वीस वर्षे शिशाचे खिळे जुळवण्यात घालवली आणि डीटीपी आल्यावर अट्ठेचाळिसाव्या वर्षी ते संगणकावर मजकूर लावायलाही शिकले. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे ते आजारी पडल्यावर प्रत्येक नातेवाइकाने त्याचे कारण ‘बिचाऱ्याची कला गेली’ असे लावले. प्रत्यक्षात तो बदल त्यांनी हसतखेळत पचवला होता. रोज सकाळी चहाबरोबर वर्तमानपत्र उघडायचे आणि लाल पेन्सिलीने त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवर खुणा करायच्या, हा त्यांचा नेम; एखाद्या मथळ्यातच चूक सापडली तर ते गॅलरीतून शेजाऱ्यांना बोलावून दाखवत. १९९८च्या पावसाळ्यात, ते ५२ वर्षांचे असताना, ही पेन्सिल थांबली. आमच्या ते लक्षातही आले नाही. लक्षात आले ते रद्दीवाल्याच्या. महिन्याची रद्दी तोलताना तो म्हणाला, “ताई, पेपर उघडत नाही काय तुम्ही? घडी पण नाही मोडली.”

चित्रपटांनी आपल्याला या आजाराची जी चिन्हे शिकवली आहेत, ती म्हणजे खिडकी, पाऊस, गालांवर ओघळणारे पाणी आणि पार्श्वभूमीला सारंगी. माझे वडील एकदाही रडले नाहीत. त्यांची पाठ दुखत होती. छातीवर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखे वाटते, असे ते म्हणत, म्हणून ईसीजी झाला. मग साखर तपासली, मग थायरॉइड. पहाटे साडेतीनला त्यांना जाग येई आणि त्यानंतर झोप नाही. सकाळ त्यांच्यावर सर्वांत जड जाई. अंघोळीचा तांब्या उचलणे हेही डोंगराएवढे काम होई. संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला मात्र ते थोडे हलके होत, कधी दोन वाक्ये बोलतही, आणि नेमके याच वेळी भेटायला येणारे पाहुणे म्हणत, “छे, भाऊ तर ठीक दिसतायत. तुम्ही उगाच घाबरताय.” सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी असणारी खिन्नता, पहाटेची जाग आणि कारण न सापडणारी अंगदुखी ही या आजाराची अगदी पाठ्यपुस्तकी लक्षणे आहेत, हे आम्हाला कितीतरी उशिरा कळले. दरम्यानचे चार महिने एका डॉक्टरांनी ‘अशक्तपणा’ म्हणून टॉनिक दिले. त्या बाटल्यांत आई पुढे कितीतरी वर्षे फिनेल ठेवत असे.

आलोक राजवाडेने त्या तरुणाला केविलवाणा होऊ दिलेले नाही, याचे मला म्हणूनच विशेष वाटते. तो प्रसंगी तुसडा वाटतो, समोरच्याच्या चांगुलपणाने त्याच्या चेहऱ्यावर उपकाराची रेषही उमटत नाही, आणि आजारी माणसावर माया करणे किती कठीण असते हे प्रेक्षकालाही थोडे सोसावे लागते. आईसुद्धा एका ठिकाणी पुटपुटली, “असंच करायचे.” कोण, ते तिने सांगितले नाही.

आपल्या भाषेचीही इथे थोडी पंचाईत आहे. या आजाराला आपण ‘नैराश्य’ म्हणतो, आणि सामना हरल्यावर, बढती हुकल्यावर किंवा मालगाडी बंद पडून लोकल तासभर रखडल्यावर येते तेही नैराश्यच. शब्द एकच असल्यामुळे ऐकणाऱ्याला वाटते की उपायही एकच असणार: चहा घे, फिरून ये, मन रमव. आमच्याकडे आलेल्या प्रत्येकाजवळ काही ना काही तोडगा होता. एकीने स्तोत्रांची छोटी पुस्तिका दिली, मामांनी पहाटे चौपाटीवर चालायला सांगितले, ऑफिसातल्या मित्रांनी ‘मुलीचं लग्न ठरवा, घर हलतं होईल’ असे सुचवले. ती मुलगी म्हणजे मी, तेव्हा एकोणीस वर्षांची. आणि ज्यांना काही सुचवायचे नव्हते, ते आवाज खाली आणून विचारत, “ठाण्याला दाखवलंत का?” ‘ठाण्याला’ म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, हा अर्थ मराठी मुंबईकराला वेगळा सांगावा लागत नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात भारतातल्या साधारण वीस प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी हा आजार झालेला आढळला; त्या हिशेबाने आमच्या चाळीच्या एकेका मजल्यावर दोन-तीन माणसे तरी निघाली असती. पण तेव्हा आमची समजूत अशी होती की अख्ख्या गिरगावात हे फक्त आमच्या दोन खोल्यांत घडते आहे, आणि म्हणून विचारणाऱ्याला आम्ही ‘बीपीचा त्रास आहे’ असे सांगत होतो. बीपीला अब्रू होती.

आता जानकीकडे येते. तिचे सर्वांत मोठे औषध म्हणजे ती विचारत नाही. तू कोण, कुठला, का केलेस, यांपैकी काहीही न विचारता एखाद्याला नुसते असू देणे हे किती दुर्मीळ आहे, ते या चित्रपटाने फार नाजूकपणे दाखवले आहे, आणि पहिल्यांदा पाहताना मी त्या मौनावर मनापासून फिदा झाले होते. दुसऱ्यांदा, आई शेजारी असताना, मला त्या मौनाची दुसरी बाजू दिसली. जानकीला न विचारणे परवडते, कारण उत्तर काहीही आले तरी ते तिच्याविषयी नसणार. कुटुंबाला ती सोय नसते. नवरा जेवत नसेल तर बायकोला वाटते की आपला स्वयंपाक, आपला संसार, आपली पंचवीस वर्षे याला नकोशी झाली. बाप बोलत नसेल तर मुलीला वाटते की आपण त्याच्या लेखी उरलो नाही. ‘काय झालंय?’ हा घरातल्यांचा प्रश्न वरवर चौकशीचा असला तरी आतून तो स्वतःवरच्या आरोपपत्राची प्रत मागण्यासारखा असतो, आणि म्हणूनच तो इतक्या वेळा, इतक्या चिरक्या आवाजात विचारला जातो.

मीही तो विचारला होता. नोव्हेंबरातल्या एका रात्री मी वडिलांना म्हटले, “आम्ही कुठे कमी पडतो का? एकदा सांगून टाका.” ते बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, “तुझा काही संबंध नाही यात.” मला ते थोबाडीत मारल्यासारखे लागले. पुढची कितीतरी वर्षे मी ते वाक्य त्यांच्या तुटलेपणाचा पुरावा म्हणून जपून ठेवले होते. ते खरे तर मला दोषमुक्त करत होते, आणि त्या अवस्थेत त्यांच्याजवळ जेवढे शब्द शिल्लक होते ते सगळे त्यांनी त्यासाठी खर्चले होते, हे मला पस्तिशी उलटल्यावर समजले.

आईचे काय होत होते, ते तर मला तेव्हा दिसलेच नाही. एकदा वडिलांच्या तोंडून ‘मी नसलो तर तुमची सुटका होईल’ असे आले. त्या रात्रीपासून ती बाहेरच्या दाराच्या उंबऱ्याशी आडवी झोपू लागली. उकडते, असे कारण सांगे. चाळीतले संडास गॅलरीच्या टोकाला. वडील रात्री उठून तिकडे गेले की ती अंधारात पडल्या पडल्या मनात आकडे मोजायची, आणि शंभरापर्यंत ते परतले नाहीत तर डबा घेऊन आपणही निघायची. सकाळी पुन्हा साडेपाचला नळाचे पाणी, दोन डबे, धाकट्याची शाळा. धाकटा चौदा वर्षांचा होता. त्याने आधी विदूषकी करून पाहिली, नकला केल्या, विनोद सांगितले, आणि त्यातल्या एकालाही दाद मिळाली नाही तेव्हा तो गल्लीत क्रिकेट खेळायला जाऊन दिवे लागल्यानंतरही परत यायचे टाळू लागला. आम्ही त्याला बेफिकीर म्हणत होतो. आज तो चाळिशीत आहे, आणि सलग दोन दिवस झोप लागली नाही की त्याची बायको मला फोन करते. आईवडिलांपैकी किंवा भावंडांपैकी कुणाला हा आजार झालेला असेल तर आपल्यालाही तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा साधारण दोन ते तीन पट असते, हे त्याने कुठेतरी वाचून ठेवले आहे. चौदा महिन्यांचा आजार आमच्या घरात अजून असा वस्तीला आहे.

उपचारांचा भाग चित्रपटांना नेहमीच अडचणीचा जातो, आणि त्याचे कारण मी समजू शकते. पालिकेच्या रुग्णालयातली ओपीडी, केसपेपरची रांग, बाकावर शेजारी बसलेल्या बाईचे “तुमचं पेशंट कोण?” असे विचारणे, आणि मग गोळी सुरू झाल्यानंतरचे ते विचित्र आठवडे, यांत दृश्य म्हणावे असे काही नाही. या गोळ्यांचा स्वभावच उलटा असतो: तोंडाला कोरड पडणे, मळमळ, गुंगी हे सगळे पहिल्या दोन-चार दिवसांत हजर होते, आणि गुण मात्र तीन-चार आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा. मधल्या काळात आजारी माणसाचा कशावरच विश्वास नसतो. तो विश्वास त्याच्या वतीने घरातल्या कुणालातरी उसना धरून ठेवावा लागतो. शिवाय डॉक्टरांनी बजावले होते की सुधारणा दिसू लागेल तेव्हा जास्त लक्ष ठेवा, कारण हातापायांत बळ आधी येते आणि मन मागून. म्हणजे जेव्हा सगळे शेजारी ‘आता बरे दिसतायत’ म्हणू लागले, तेव्हा आईचे शंभर आकडे पन्नासवर आले.

पहिल्या गोळीने फरक पडला नाही. तेव्हा डॉक्टरांनी विजेच्या उपचाराची, म्हणजे ईसीटीची, शक्यता बोलून दाखवली आणि आईने तिथल्या तिथे हात जोडून नाही म्हटले. तिच्या डोळ्यांसमोर जुन्या हिंदी चित्रपटांतली दृश्ये होती: चामड्याचे पट्टे, तोंडात कोंबलेले कापड, खलनायक डॉक्टर आणि शुद्धीवर असलेल्या माणसाला दिलेले झटके. ऑपरेशनसारखी भूल देऊन आणि स्नायू शिथिल करणारे औषध देऊन हा उपचार करतात आणि गंभीर नैराश्यात तो अतिशय परिणामकारक ठरतो, हे डॉक्टर समजावत होते, पण ते शब्द त्या पडद्यावरच्या किंकाळीपुढे टिकले नाहीत. सुदैवाने दुसरी गोळी लागू पडली. पडद्यावरच्या खोट्या चित्रणाचा ‘समाजमनावर परिणाम’ वगैरे होतो असे लेख मी वाचते, तेव्हा मला तो परिणाम अगदी नेमका ठाऊक असतो: तो आमच्या घरात झाला, एका मंगळवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास. आता २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध न देता हा उपचार करण्यावर बंदीच घातली आहे.

तो कायदा आणि ‘कासव’चे सुवर्णकमळ या दोन्ही गोष्टी एप्रिल २०१७ मध्येच घडल्या, हा योगायोग मला उगाचच आवडतो. जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली आहे असे गृहीत धरून त्याला शिक्षेपासून वाचवण्याची तरतूद त्याच कायद्यातली. त्याआधी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता, आणि म्हणून कितीतरी घरांत अशा प्रसंगानंतर डॉक्टरच्या आधी पोलिसांचा विचार होई. आता १४४१६ या क्रमांकावर टेली-मानसची मोफत मदत मराठीतही मिळते. ऑक्टोबर २०२२ पासून ती सुरू आहे, आणि फोन रुग्णानेच करावा असे काही नाही, घरच्यांनीही करावा. आमच्या वेळी फोन करायचा तर नाक्यावरच्या पीसीओत जायचे आणि पाठीमागे चार जण ताटकळत उभे असताना सांगायचे. काय सांगणार?

चित्रपटाच्या मध्यावर आम्ही चहासाठी थांबलो. आई म्हणाली, “बाई चांगली आहे. पण तिला ड्रायव्हर आहे.” मी हसले, पण तिला विनोद करायचा नव्हता. जानकीचे घर मोठे, समोर समुद्र, कामाला माणसे, आणि सकाळी आठ सत्तेचाळीसची लोकल पकडायची घाई नाही. करुणेला जागा लागते, हे मुंबईत राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. दहा बाय बाराच्या खोलीत चौघे झोपत असतील तर ‘त्याला एकटे राहू द्या’ हा सल्ला पाळायचा कसा, आणि ‘त्याला एकटे सोडू नका’ हा दुसरा सल्ला तरी किती दिवस पाळायचा? आणि आईच्या त्या वाक्यामुळेच मी उरलेला चित्रपट किशोर कदमच्या यदूकडे पाहत पाहिला. यदू हा जानकीचा ड्रायव्हर. हे कुठले लोढणे गळ्यात घेतले म्हणून तो कुरकुरतो, आणि कुरकुरत कुरकुरतच सगळे करत राहतो. माझ्या मते चित्रपटात नसलेले कुटुंब या माणसाच्या रूपाने मागच्या दाराने आत आले आहे. जानकीची माया समजूतदार आहे, अनुभवातून आलेली आहे, तिला आजाराचे नाव ठाऊक आहे. यदूजवळ यातले काही नाही, फक्त समोर पडलेले काम आहे. आमच्या घरात जानकी कुणीच नव्हती. सगळे यदूच होते.

याच दिग्दर्शकद्वयाच्या ‘अस्तु’ची आठवण इथे अटळ आहे. त्यात स्मृती हरवलेले संस्कृत पंडित हत्तीच्या मागे चालत निघून जातात आणि माहुताची बायको, म्हणजे अमृता सुभाष, या परक्या म्हाताऱ्याला लेकराप्रमाणे पोटाशी धरते. घरी त्यांची मुलगी मात्र त्यांचे करून करून थकलेली, चिडलेली आणि त्या चिडण्याच्या अपराधाने खचलेली. ती मुलगी कोण, तर इरावती हर्षेच. ‘अस्तु’त तिला स्वतःच्या वडिलांना सांभाळणे झेपत नाही आणि ‘कासव’मध्ये ती कुणा परक्याच्या मुलाला सहज सांभाळते. दोन्ही चित्रपट एकापाठोपाठ एक पाहिले, तर तिच्या चेहऱ्यावरून त्यांच्यातला दुवा सापडतो: परक्याजवळ जे औदार्य असते ते रक्ताच्या नात्याजवळ नसते याचे कारण नात्यात माया कमी असते असे नाही, तर त्या मायेला भूतकाळ असतो. माहुताच्या बायकोने त्या पंडितांना पंडित म्हणून कधी पाहिलेलेच नसते. जानकीने तो तरुण हसताना, परीक्षेत पहिला येताना, आईशी भांडताना पाहिलेला नसतो, त्यामुळे तिला समोरच्या माणसाची तुलना कशाशीच करावी लागत नाही. आम्हाला मात्र रोज सकाळी न मोडलेल्या घडीकडे पाहताना लाल पेन्सिल आठवत होती.

‘देवराई’त भावाला सांभाळणारी बहीण आहे, तिचा संसार आहे, त्यामुळे या दोघांनी कुटुंबाकडे पाठ फिरवली असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘कासव’मध्ये त्यांना दुसरेच काही म्हणायचे होते. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, खड्डा खणून शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळूने ती झाकते आणि समुद्रात निघून जाते. त्या अंड्यांसाठी ती पुन्हा येत नाही. कुत्री, कोल्हे आणि माणसे यांच्यापासून त्यांची राखण परके लोक करतात आणि पिल्ले बाहेर आली की ती स्वतःच्या पायांनी पाण्याकडे जातात. चित्रपटाची सगळी भिस्त या प्रतिमेवर आहे आणि ती प्रतिमा सुंदर आहे यात शंका नाही. आईने हा भाग लक्ष देऊन ऐकला आणि म्हणाली, “म्हणजे कासवाच्याही घरी कळवायचं नसतंच.”

चित्रपट संपल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. आवडला का, असे विचारण्याचे धाडस मला झाले नाही. वडिलांना जाऊन आता चौदा वर्षे झाली. ते हृदयविकाराने गेले, आणि शेवटच्या आठवड्यातही रुग्णालयातल्या सूचनाफलकावरचे ‘नातेवाईकांनी’ दुरुस्त करून ‘नातेवाइकांनी’ कसे लिहायचे ते त्यांनी वॉर्डबॉयला समजावले होते. आजारातून उठल्यानंतरची वर्षे त्यांनी आम्हाला पुरेपूर दिली. पण त्या चौदा महिन्यांविषयी आमच्या घरात कधीच बोलणे झाले नाही; त्यांच्यासमोर नाही आणि त्यांच्यामागेही नाही.

आईने कपबश्या उचलल्या, ओट्यावर ठेवल्या, आणि नळ सोडून माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, “मी तेव्हा दर गुरुवारी मठात जायचे ना, ती मठात जात नव्हते.”

“मग?”

“चौपाटीवर बसायचे. तासभर. तू घरी असायचीस ना गुरुवारी, म्हणून.”

मला काय बोलावे ते सुचेना. ती सांगत होती की चर्नी रोडच्या बाजूला, कट्ट्यापाशी, एक बाई गजरे ओवत बसलेली असायची. पहिल्या दिवशी आई तिच्याजवळ उभी राहून रडली तेव्हा त्या बाईने टोपली सरकवून बसायला जागा करून दिली, आणि पुढच्या गुरुवारी आई यायच्या आधीच टोपली सरकवलेली होती. कधीतरी आई तिच्यासोबत फुले निवडायची. मठात गेल्याची खूण म्हणून घरी येताना एक गजरा घेऊन यायची. तो गजरा मला आठवत होता.

“तिने कधी विचारलं नाही, का येतेस म्हणून?”

“नाही.”

“नाव काय होतं तिचं?”

आईने कप पालथा घातला. “मी तरी कुठे विचारलं.”